माहेरपण बंद करणारी डॉक्टरीण

डॉ. इंदुमती खवणेकर यांच्याबद्दल शांत डोक्यानं लिहायचं असं मी आजवर बऱ्याचदा ठरवलं. जमत नाही. बाई आठवल्या की त्यांच्या पाठोपाठ टिपणीस आठवतो, वॉर्ड ऑफिस आठवतं, रस्त्याच्या कडेनं मारलेल्या पांढऱ्या पावडरीच्या रेघा आठवतात आणि माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, बायको म्हणते, आता सोडा. मी का सोडू? ज्यांनी सोडायला हव्या होत्या त्यांनी आपापल्या खुर्च्या शेवटच्या दिवसापर्यंत सोडल्या नाहीत. तेव्हा हे लिखाण रागातच होणार. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, नाही घेतलं तरी चालेल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या एका उपनगरात वॉर्डाचा दवाखाना होता. मी तिथं फार्मासिस्ट, लोकांच्या भाषेत कंपाउंडर. बाई मुख्य डॉक्टर. दवाखान्याच्या मागं भैरीची टेकडी. टेकडीवर सगळी कोकणातली माणसं, बहुतेक गिरणीतली. गिरण्या बसल्या तसा कुणी वॉचमन झाला, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी मुलुंडच्या कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला. रस्त्याच्या अलीकडे आमच्यासारख्यांच्या सोसायट्या. बँकवाले, मास्तर, ऑफिसवाले. पाणी मात्र दोन्हीकडे एकाच लाइनीतून यायचं. आधी सोसायट्यांना, उरलंसुरलं टेकडीला.

बाई तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवरून बायका हसायच्या. बाईंना फरक पडत नव्हता. लग्न केलं नव्हतं. गाव मालवणकडचं. ऑफिसात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या आणि राग आला की मालवणी. राग दिवसातून पुष्कळदा यायचा. नवीन लागलेला शिपाई पहिल्या आठवड्यात रजा टाकून पळाला होता, तो बाईंच्या आवाजाला घाबरून.

त्यांची एक सवय अशी की रोगी आत खुर्चीवर बसला की त्याला उठवायचं, दंडाला धरून दाराबाहेर उन्हात आणायचं आणि हनुवटी वर करायची. "तोंड मीट. डोळे उघड." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ट्यूबलाइटमध्ये डोळ्यांतला पिवळेपणा कळत नाही, पांडुरपणा कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ताप असो, खोकला असो, पाय मुरगळलेला असो, आधी उन्हात. एकदा एक बँकेतला माणूस आजारपणाचं सर्टिफिकेट मागायला आला. त्यालाही उन्हात उभा केला. बघितलं आणि म्हणाल्या, "तू ठणठणीत आहेस. साहेबाशी भांडलायस का?" तो बिचारा हो म्हणाला. "मग तसं सांग ना. एक दिवस लिहून देते. उद्या जाऊन मिटव." आणि खरंच एक दिवस लिहून दिला, कारण रागानं त्याचं ब्लडप्रेशर चढलेलं होतं ते त्यांनी तेवढ्यात बघून घेतलं होतं.

पण अशा या तापट बाईंची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत होती. त्या नियमाच्या पक्क्या होत्या. भांडायच्या, टेबलावर हात आपटायच्या, पण वरून परवानगी आल्याशिवाय एक पाऊल टाकायच्या नाहीत. वडील सरकारी नोकरीत होते, घरात त्याच वळणावर वाढलेल्या. दाराबाहेर रोग्यांना बसायला एक बाकडं हवं होतं. मी म्हटलं, मॅडम, माझ्या ओळखीच्या सुताराकडं जुनं आहे, आणून टाकतो. तर म्हणाल्या, "सामंत, बाहेरची जागा वॉर्डाची आहे. आधी लिहू, मग ठेवू." लिहिलं. बाकडं आलं ते दुसऱ्या वर्षी. तोवर म्हातारी माणसं पायरीवर बसत होती आणि बाई रोज त्यांची माफी मागत होत्या. मला त्यांचं हे वागणं तेव्हाही पटत नव्हतं. पण त्यांचा त्यावर विश्वास होता. आपण नीट लिहून दिलं, खरं लिहून दिलं, तर वर बसलेला माणूस आज ना उद्या वाचणारच, असं त्यांना मनापासून वाटायचं.

दिवाळी झाली आणि टेकडीवरून पिवळे डोळे यायला लागले. आधी एखाददुसरा, मग घरटी एक. बाहेरच्या बाकड्यावर जागा पुरेना. बाई बूट घालून टेकडी चढल्या, मी मागोमाग. वर जाणारी पाण्याची लाइन गटारातून गेली होती. एका जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. सोसायट्यांचे पंप सुरू झाले की लाइनीतला दाब जायचा आणि गटारातलं आत ओढलं जायचं. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. गटाराच्या काठावर उभं राहिलं की पुरे. बाई वाकून त्या पट्टीकडे बघत म्हणाल्या, "मेल्यांनी माणसांक गटार पाजलानी."

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो. वॉर्ड ऑफिसर टिपणीस. गोरा, नीटनेटका, मऊ बोलणारा. कुणालाही "आपण" म्हणायचा, शिपायालासुद्धा. टिपणीस वाईट माणूस नव्हता, असं जुने लोक अजून म्हणतात. मी म्हणत नाही. त्यानं चहा मागवला, बाईंचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "डॉक्टर, आपली तळमळ मला कळते. पण साथ हा शब्द आपण वापरू नये. तो वापरायचा अधिकार वॉर्डाला नाही. तुरळक रुग्ण म्हणा."

"तुरळक? माझ्या दारात रांग आहे."

"रांग तुरळक रुग्णांचीही लागू शकते," टिपणीस म्हणाला. हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलं आहे.

लाइन बंद करून टेकडीला टँकर द्या, असं बाईंनी सांगितलं. लाइन बंद केली तर सोसायट्यांना पाणी नाही, बोंब होईल, असं वॉर्डाच्या इंजिनिअरनं सांगितलं. प्रस्ताव वर पाठवतो, असं टिपणीसनं सांगितलं. मग वॉर्डानं उपाययोजना सुरू केली. काय केलं? रस्त्याच्या दोन्ही कडांनी पांढरी पावडर मारली. गटारात नाही, रस्त्याच्या कडेला, रेघ अगदी सरळ. उसाच्या रसाची गुऱ्हाळं बंद केली. पाणीपुरीवाल्याची गाडी उचलून नेली. आणि भोंगा लावलेली रिक्षा टेकडीवर फिरवली.

त्या रिक्षात बबन असायचा. बबनचा आवाज भारदस्त. निवडणूक असो, सर्कस असो, वॉर्डाचं काम असो, भोंग्यावर तोच. "नागरिकांनो, पाणी उकळून प्या. पाणी उकळून प्या." सकाळ-संध्याकाळ हेच. टेकडीवर रॉकेल रेशनवर मिळायचं आणि ज्या दिवशी मिळायचं त्या दिवशी निम्म्या रांगेत संपायचं. भात शिजवायला पुरत नव्हतं, पाणी कशावर उकळायचं? हे टिपणीसला माहीत नव्हतं का? होतं. पण उकळून प्या म्हटलं की वॉर्डाचं काम संपलं. पुढं जो आजारी पडेल तो न उकळल्यामुळे, म्हणजे त्याच्याच चुकीनं.

बाईंना हे सहन झालं नाही. पुढच्या मीटिंगला त्या पिशवीतून एक पितळी पंपाचा स्टोव्ह घेऊन आल्या. टेकडीवरच्या कुणाचा तरी. टिपणीसच्या टेबलावरच्या काचेवर ठेवला, बाजूला पाण्याचं पातेलं ठेवलं आणि म्हणाल्या, "उकळून दाखवा."

"डॉक्टर, हे काय?"

"रॉकेल नाही त्यात. रिकामा आहे. तुम्ही रोज दोन वेळा सांगता ना उकळा म्हणून? मला जमत नाहीये. तुम्ही दाखवा, मी वर जाऊन लोकांना शिकवते."

इंजिनिअर खाली बघत हसला. टिपणीसनं रुमाल काढून काचेवर पडलेली काजळी पुसली आणि शिपायाला हाक मारून म्हणाला, "हे बाईंच्या गाडीत ठेवून या." बाईंकडं गाडी नव्हती. त्या तो स्टोव्ह हातात धरून चालत दवाखान्यात आल्या आणि त्या दिवशी मधल्या सुटीत जेवल्या नाहीत.

टेकडीवर कावीळ उतरवणारा एक म्हातारा होता. काडीची माळ करून डोक्यावर घालायचा, ती माळ जसजशी पायापर्यंत उतरेल तसतशी कावीळ उतरते असा समज. आमच्यातल्या काही शहाण्यांनी त्याच्यावर कारवाई करा म्हणून सुचवलं. बाई त्याच्याकडे गेल्या आणि त्याच्या ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "आजोबा, माळ घाला, माझी ना नाही. पण माळ घालताना प्रत्येकाला सांगा, घरात पोटुशी असेल तर तिला या टेकडीवर ठेवू नका." म्हातारा म्हणाला, "इतक्याच ना? सांगतंय." आणि तो सांगायला लागला. त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

हे पोटुशीचं काय, ते सांगायला हवं. ही जी पाण्यातून येणारी कावीळ होती ती पुरुषाला महिनाभर झोपवायची आणि सोडून द्यायची. पण पोटात मूल असलेल्या बाईला, त्यातून दिवस भरत आलेले असले तर, ती पटकन डोक्यात जायची. बाई बडबडायला लागायची, मग झोपायची, मग उठायची नाही. बाईंनी हे पुस्तकात वाचलं होतं आणि आता डोळ्यांनी बघत होत्या. टेकडीवरची एक सून गेली. मग दुसरी गेली. दुसरीला नेलं तेव्हा बाई मला म्हणाल्या, "सामंत, लाइन दुरुस्त होईपर्यंत एकच करता येईल. पोटुश्या इथून हलवायच्या."

इथं आमच्या लोकांची रीत आडवी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. सातवा लागला की लेकीला आणायचं, ओटी भरायची, सगळं आईनं करायचं. टेकडीवरच्या सुना त्या निमित्तानं कोकणात निघून जात, तेवढ्या वाचत. पण टेकडीवरच्या लेकी? त्या कुर्ल्याला, कल्याणला, कांदिवलीला दिलेल्या. तिथं नळाला स्वच्छ पाणी. आणि त्यांना सातव्या महिन्यात हौसेनं ओटी भरून इथं, या गटाराच्या पाण्यावर आणत होते.

बाई घरोघर फिरायला लागल्या. कॅनव्हासचे बूट चिखलानं काळे झाले. दारात उभं राहून विचारायच्या, "घरात कोण पोटुशी? लेक आणायची आहे का कुणाची? आणू नका. यंदा माहेरपण बंद." बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. लग्न न झालेली डॉक्टरीण माहेरपण बंद करायला निघाली, अशी टेकडीवर चेष्टा झाली. काहींनी ऐकलंही. पण ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यात शेवंती घाडी होती.

शेवंती आमच्या ओळखीची. सोसायट्यांमध्ये पोळ्या करायची. नवरा गिरणीतून सुटलेला, आता एका गोदामावर वॉचमन, त्याच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला यायची. तिची एकुलती एक लेक सुनंदा, चारकोपला दिलेली. नवीन बैठं घर, घरात नळ, याचं शेवंतीला फार कौतुक. सुनंदाला सातवा लागत होता. त्या दिवशी गोळ्या घेतल्यावर शेवंती मला म्हणाली, रविवारी सुनूला आणतेय. बाईंनी आतून ऐकलं आणि बाहेर आल्या.

"आणू नकोस."

"बाई, पयला बाळंतपण. माहेराक नाय आणलंय तर लोका काय म्हणतली माका?"

"म्हणू दे काय म्हणतली ती. पाणी खराब आसा, शेवंती. पोटुशीक ही कावीळ सोडणा नाय. दोघी गेल्या, तुका म्हायत आसा."

"मी उकळून देतंय तिका. रॉकेल ठेवलंय बाजूक."

"किती दिवस उकळशीत? एक दिवस चुकलंस तरी पुरे. तिचा घर बरा आसा, नळ आसा. तूच जा थय. रजा घे, मी सांगतंय तुझ्या कामावरच्या बायकांक."

शेवंतीला ते पटत होतं, हे मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "बाई, तुम्ही एकट्याच सांगतास. भोंग्यावर तर तसा काय सांगनत नाय. खरा आसता तर भोंग्यावर सांगले नसते काय?"

शेवंतीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. टेकडीला भोंग्याची सवय होती. लसीची तारीख भोंग्यावर यायची, पाणीकपात भोंग्यावर, झोपड्या पाडायची गाडी येणार तेही भोंग्यावर. आणि भोंग्यावर आलेलं आजवर खोटं निघालं नव्हतं. डॉक्टरीण बोलते ते तिच्या स्वभावानं, भोंगा बोलतो ते सरकार. मग सरकार जर नुसतं उकळा म्हणतंय, तर उकळलं की झालं.

बाई तशाच निघून वॉर्ड ऑफिसात गेल्या. मीही गेलो. बसल्यासुद्धा नाहीत.

"मला भोंग्यावर दोन वाक्यं हवी आहेत. ही काविळीची साथ आहे. आणि पोटुशी बायांनी टेकडीवर राहू नये, लेकींना बाळंतपणाला आणू नये. बस."

"घबराट पसरेल," टिपणीस म्हणाला.

"पसरायलाच हवी."

"डॉक्टर, आपण लेखी द्या. मी वर पाठवतो. वरून होकार आला की त्याच दिवशी बबन सांगेल."

बाईंनी तिथंच उभ्या उभ्या लिहून दिलं. त्यानं ते नीट वाचलं, सही केली, ट्रेमध्ये ठेवलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, बबनला आपणच सांगू. तो आपलाच माणूस आहे." बाई थांबल्या. म्हणाल्या, "त्याची नोकरी जाईल रे. आणि आपण सगळेच मनानं भोंगा वापरायला लागलो तर उद्या कुणीही काहीही सांगेल. येईल होकार. एवढं स्पष्ट लिहिलंय." त्या रोज सकाळी आधी वॉर्ड ऑफिसात जायच्या, "आलं का?" विचारायच्या, आणि मग दवाखाना उघडायच्या. रविवारी शेवंतीनं लेकीला आणलं. हिरवी साडी, हातभर चुडा. टेकडी चढताना दोघी दवाखान्यासमोर थांबल्या आणि शेवंतीनं लेकीला बाईंच्या पाया पडायला लावलं. बाईंनी तिला उन्हात उभी केली. डोळे पांढरेशुभ्र होते. "परत जा गं बाळा," त्या म्हणाल्या. सुनंदा आईकडे बघून हसली.

होकार आला नाही. नकारही आला नाही. टिपणीस म्हणायचा, वर आहे. वर म्हणजे कुठं, हे विचारलं की म्हणायचा, संबंधितांकडं. बबन रिक्षातून उकळून प्या, उकळून प्या करत फिरत होता. नाताळ होऊन गेला. शेवंती उकळत होती, हे मला नंतर शेजारणींनी सांगितलं. रोज उकळत होती. पण मुलगी माहेरी आली की काय करते? मैत्रिणींकडे जाते, कुणाकडे सरबत पिते, कुणाकडे सोलकढी. सगळ्या टेकडीच्या चुली शेवंतीच्या हातात नव्हत्या.

सुनंदाला दवाखान्यात आणलं तेव्हा ती स्वतः चालत आली होती. उलट्या होताहेत म्हणाली. बाईंनी उन्हात नेलं, हनुवटी वर केली आणि हात तसाच राहिला. मला हाक मारून म्हणाल्या, "टॅक्सी बघ." टॅक्सीत बाई तिच्या शेजारी बसल्या, पुढं शेवंती. वाटेत सुनंदा आईला म्हणाली, आई, चारकोपचा नळ बंद केला का गं? मग तेच परत म्हणाली. मग परत. बाईंना कळलं. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला भरती केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मूलही गेलं.

बाई दवाखान्यात परत आल्या. संध्याकाळी टिपणीसचा फोन आला. फार वाईट झालं म्हणाला. पुढं म्हणाला की, एका दुर्दैवी घटनेवरून आपण निष्कर्ष काढू नयेत. मी बाजूलाच उभा होतो. बाईंनी फोन ठेवला नाही, टेबलावर तसाच उताणा सोडून दिला, आणि त्यातून त्याचा मऊ आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनची रिक्षा टेकडीच्या पायथ्याशी आली. बाई रस्त्यात मधोमध उभ्या होत्या. रिक्षा थांबली. बाई आत बसल्या आणि त्याच्यापुढं हात केला.

"दे तो माइक."

"मॅडम, माझी वाट लागेल यार," बबन म्हणाला. टेकडीवरचाच पोरगा. त्याच्या चुलतभावाची बायको पहिल्या दोघींतली एक होती. त्यानं थोडा वेळ माइक धरून ठेवला, मग दिला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल, हळू घे. वरपर्यंत घे."

मी खाली दवाखान्याच्या दारात होतो. तिथून सगळं ऐकू येत होतं. "मी डॉक्टर खवणेकर बोलतेय. ही साथ आहे. काविळीची साथ आहे. वॉर्ड सांगत नाही, मी सांगतेय. पाणी गटाराचं आहे. जी पोटुशी आहे तिनं आज इथून निघायचं. सासरी असेल तर माहेरी जा, माहेरी असेल तर सासरी जा. जिला कुठंच नाही तिनं माझ्या घरी यावं. लेकींना आणू नका. माहेरपण बंद." एवढंच, परत परत. मग मालवणीत. मग हिंदीत. आवाज चिरला तरी थांबल्या नाहीत. दुपारपर्यंत बायका उतरायला लागल्या. हातात पेट्या, बोचकी, मागं नवरे, सासवा. ज्या हसत होत्या त्यासुद्धा. तिघी बाईंच्या मुलुंडच्या घरी राहिल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीनं नियम दाखवला तेव्हा बाईंनी त्याला जे मालवणीत सांगितलं ते इथं लिहिता येत नाही. त्यानंतर टेकडीवरची एकही पोटुशी दगावली नाही.

वॉर्डानं काय केलं? अनधिकृत घोषणा, कर्तव्यात कसूर, घबराट. मेमो, चौकशी, बदली. देवनारच्या बाजूला, कचऱ्याच्या डोंगराजवळच्या दवाखान्यात. आणि लाइन? सोसायट्यांतल्या दोन-तीन पोरांचे डोळे पिवळे झाले, एका वकिलानं टिपणीसच्या केबिनमध्ये जाऊन आवाज चढवला आणि आठवड्याच्या आत रस्ता खणून नवा पाइप टाकला गेला. प्रस्ताव वर होता ना? तो एका आवाजात खाली आला. अहवालात शेवटपर्यंत तुरळक रुग्ण असंच राहिलं. टिपणीसला पुढं बढती मिळाली.

बाईंचा आमच्याकडचा शेवटचा दिवस. टेकडीवरून बायका आल्या होत्या, तेव्हा टेकडी सोडून गेलेल्यांतल्या काही तान्ही मुलं घेऊन. कुणी नारळ दिला, कुणी कोकमं, कुणी नुसत्या रडल्या. बाईंनी प्रत्येक मुलाला उन्हात धरून डोळे बघितले. मग मी त्यांची पिशवी घेऊन बसस्टॉपपर्यंत गेलो. स्टॉपवर शेवंती उभी होती. सुनंदा गेल्यापासून ती दवाखान्यात आली नव्हती. नवऱ्याच्या गोळ्या शेजारीण नेत होती. अंगानं अर्धी झाली होती.

तिच्या हातात नारळ नव्हता. ती बाईंच्या समोर आली आणि रडली नाही, ओरडली नाही. खरोखर विचारायचं म्हणून विचारलं.

"बाई, तुम्ही ह्या तेव्हा भोंग्यावर कशाक सांगूक नाय? माझी सुनू येवच्या आदी?"

बस वळणावर दिसत होती.

"परवानगी मागत होतंय गो," त्या म्हणाल्या.

"कोणाची?" शेवंतीनं विचारलं.

बस आली. बाई पायरीवर चढल्या, दांड्याला धरून मागं वळल्या, आणि काहीतरी सांगायचं म्हणून तोंड उघडून तशाच शेवंतीकडे बघत उभ्या राहिल्या. कंडक्टरनं घंटी मारली.